घरात बोलायची भाषा

तीर्थरूप ओतिलियाताईस,

धाकट्या बेनिताचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? गावी मका बरा आला ना? इकडे आयोवात आम्ही खुशाल आहोत. (बाहेर गुडघाभर बर्फ आहे, पण कोंबडीच्या कारखान्यात त्याहून गारठा, त्यामुळे सुट्टी झाली की बाहेर उबदार वाटतं.)

माझ्या येसेनियाची बडबड तुला ठाऊकच आहे. तुझ्याकडे होती तेव्हा कोंबड्यासुद्धा तिला कंटाळून उठून जायच्या. तीच पोर इथल्या शाळेत चार महिने मूग गिळून बसली होती, कारण बाईंचं एक अक्षरही कळेना. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना इथे वेगळी शिकवणी द्यावी लागते, फुकट, कायदाच आहे तसा. पण हिला ती मिळेना. का, तर दाखल्याच्या फॉर्मवर ‘घरात कोणती भाषा बोलता’ याच्यापुढे मी ऐटीत ‘इंग्रजी’ लिहून बसले होते. आता हस. आमच्या घरात इंग्रजी बोलतो तो एकटा टीव्ही, आणि तोही आम्ही आवाज बंद करून बघतो.

मग निघाले निस्तरायला. शेजारच्या दोमितिलाने (इथे येऊन वीस वर्षं झाली, इंग्रजी शब्द येतात बावीस) मला इंग्रजीत एक वाक्य शिकवलं: आमच्या घरी कोणालाच इंग्रजी येत नाही. कोंबड्या कापता कापता तीन दिवस मी ते घोकलं, आणि दोमितिलाला बरोबर नेऊन शाळेच्या ऑफिसात असं झोकात म्हटलं की तिथली बाई खूशच झाली. “अहो, किती छान बोलता तुम्ही इंग्रजी,” म्हणाली (हे दोमितिलाने सांगितलं, आणि तिथे तिचे शब्द संपले). फॉर्म पुन्हा कपाटात गेला.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. खुर्ची ओढून बसले आणि आपल्या स्पॅनिशमध्ये सुरू झाले. येसेनिया, बर्फ, कारखाना, तुझे गुडघे, सगळं आलं त्यात. पाच मिनिटांनी बाईने घाईघाईने फोनवर दुभाषी गाठला. तो म्हणाला, “मावशी, दुभाषी मागणं हा तुमचा हक्कच आहे. आधीच मागायचा की.” मी म्हटलं, “मागायचा रे बाळा, पण कोणत्या भाषेत?” मग त्याने बाईला सगळं इंग्रजीत समजावलं. सोमवारपासून शिकवणी सुरू झाली.

तुझी,
बेनिता

ता. क. – येसेनियाचं गणिताचं जुनं प्रगतिपुस्तक शिक्का मारून पाठव. इंग्रजी येत नाही म्हणून गणितातही तिला दोन इयत्ता खाली बसवायचं म्हणतात. खरं काम एवढंच होतं.

पुन्हा ता. क. – खरं काम तेही नाही. तो फॉर्म मी भरलाच नव्हता, मला तो वाचता कुठे येतो? येसेनियाने कोणाकोणाला विचारत भरला, मी सही ठोकली. ऑफिसात मात्र माझंच नाव सांगितलं, आणि वर तुलाही तसंच लिहिलं. दुसरी भाषा लिहिली तर आईला शाळेत बोलावतात, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. आईला तिथे बोलता येणार नाही, लोक हसतील, म्हणून माझं लेकरू चार महिने गप्प बसलं. काल कळलं तेव्हा मला रडू आवरेना. तू तिला रागावू नकोस. रविवारी फोन करशील तेव्हा एवढंच सांग, की तुझी आई शाळेत पाच मिनिटं एकटी बोलली. आणि कोणी हसलं नाही, हेही सांग.