खिडकी क्रमांक चारवरील ‘राहू दे’

प्रति,
मा. निबंधक,
जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताला.

विषय : वडिलांच्या मृत्यूची नोंद त्यांनीच लिहिलेल्या बटणांवरून होऊ देण्याबाबत, तसेच मी स्वतः केलेली तक्रार मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दोन वर्षांपूर्वीचा तक्रार अर्ज.
२) आपल्या कार्यालयाची २७ तारखेची नोटीस, माझ्या वडिलांच्या नावे.

महोदय,

मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. माझे वडील टंकयंत्रे दुरुस्त करीत. गेल्या महिन्याच्या २० तारखेस, बुधवारी सकाळी, ते घरी वारले. त्यांच्या मृत्यूची नोंद करण्यासाठी मी आपल्या कार्यालयात चार वेळा आले आणि चारही वेळा नोंद न करता परत गेले. यात आपल्या कर्मचाऱ्यांचा काही दोष नाही. दोष नेमका कोणाचा, हे ठरवताना माझाच गोंधळ होतो, म्हणून सगळे क्रमाने लिहिते.

१. आपल्याकडे नोंदणीसाठी जो प्रोग्रॅम आहे तो ओपन सोर्स म्हणतात त्या जातीचा आहे : फुकट, उघडा आणि ज्याला येईल त्याने हातभार लावावा असा. असे प्रोग्रॅम लिहिणारे लोक खिडक्या आणि बटणे स्वतः घडवत बसत नाहीत. त्यासाठी तयार संच मिळतो. तो वापरला की तेच बटण कोणत्याही बनावटीच्या संगणकावर तसेच्या तसे उमटते. बाबा म्हणत, “शिंपी एकच, गिऱ्हाइकं हजार.” बटणांवरचे नेहमीचे शब्दही त्या संचातच एका यादीत असतात. निवृत्तीनंतर बाबांनी ती यादी मराठीत केली. खरे तर त्यांना फक्त चित्रपट पाहण्याच्या एका प्रोग्रॅमचे मराठी करायचे होते. त्यांनी चुकून शिंप्याचीच पेटी उघडली. यादी मंजूर झाली आणि एका सकाळी त्यांचे शब्द चित्रे काढण्याच्या, पुस्तके लावून ठेवण्याच्या, परवलीचे शब्द जपण्याच्या अशा सगळ्या प्रोग्रॅममध्ये एकदम उगवले. पुढच्या महिन्यात ते आपल्या कार्यालयातही पोचले. बाबांना हे कळले तेव्हा त्यांनी चहा गार होऊ दिला, एवढेच मला आठवते.

२. त्या यादीत शब्द सुटे येतात. कोणता शब्द कुठे लागणार, हे कोणी सांगत नाही. ‘क्लोज’ असा एक शब्द आला. बाबांनी त्याचे ‘जवळ’ केले. परिणामी आठ महिने प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्यात ‘जवळ’ असे बटण होते आणि ते दाबले की समोरचे सगळे नाहीसे होई. ही चूक त्यांनी मान्य करून दुरुस्त केली. बाकीचे शब्द मात्र त्यांनी विचारपूर्वक ठेवले होते. त्यांचे म्हणणे असे की बटण म्हणजे माणूस यंत्राला जे सांगतो ते. तिथे ‘जतन करा’, ‘रद्द करा’ असे आदराने कोण बोलते? म्हणून बटणांवर ‘ठेव’, ‘थांब’, ‘परत दाखव’, ‘राहू दे’. उलट यंत्र माणसाशी बोलते तिथे त्याने अदबीने, घरच्यासारखे बोलावे. म्हणून ‘नक्की ना?’, ‘थांबा, बघतो’, ‘काय अडलंय?’

३. मला हे पसंत नव्हते. माझा सगळा जन्म इतरांच्या ऱ्हस्व-दीर्घांत गेला आहे. सरकारी खिडकीवरचे यंत्र घरच्या माणसासारखे विचारपूस करते, हे मला अप्रतिष्ठेचे वाटे. जेवताना मी त्यांना म्हटले, “यंत्राने यंत्रासारखं बोलावं.” ते म्हणाले, “का, त्याला घरी कुणी नाही म्हणून?” दुसऱ्याच दिवशी मी आपल्याकडे रीतसर तक्रार केली. मसुदा बाबांना दाखवला होता. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि समासात पेन्सिलीने शेरा दिला : “शुद्धलेखन उत्तम. मुद्दा चूक. पाठव.”

४. दोन वर्षे त्या तक्रारीचे काहीही झाले नाही. बाबा अधूनमधून चौकशी करीत, “लागला का गं माझा निकाल?” तो त्यांच्या निधनानंतर सातव्या दिवशी लागला. आपल्या नोटिशीत म्हटले आहे की एका जागरूक नागरिकाच्या तक्रारीत तथ्य आढळले आहे. या महिन्याच्या १६ तारखेपासून सर्व शब्द बदलून प्रमाणित शब्द घालण्यात येतील. आणि संबंधित अनुवादकास तीन वेळा मेल पाठवूनही, ‘या कार्यालयाच्या नोंदीनुसार ते हयात असूनही’, त्यांनी उत्तर देण्याचे सौजन्य दाखवलेले नाही. जागरूक नागरिक मी आहे. अनुवादकाच्या वतीने खुलासा असा की त्यांना उत्तर देण्याची मनापासून इच्छा झाली असती.

५. आता चार खेपांविषयी. आपला नियम आहे की माहिती देणाऱ्याने त्याच्याकडे वळवलेल्या पडद्यावर सगळे वाचून शेवटचे बटण स्वतःच्या हाताने दाबावे. २५ तारखेस खिडकी क्रमांक चारवरील बाईंनी बाबांचे नाव, वय, पत्ता भरला आणि पडदा माझ्याकडे फिरवला. त्यावर लिहिले होते : ‘वरील व्यक्ती मयत म्हणून नोंदवायची. नक्की ना?’ आणि खाली दोन बटणे, ‘हो’ आणि ‘राहू दे’. बाबा दाराला कुलूप लावताना, गॅस बंद करताना, मी परगावी निघताना, प्रत्येक वेळी हेच आणि याच सुरात विचारत. मला हसू आले. मी तोंडाला पदर लावला तरी ते थांबेना. सुरक्षारक्षकाने पाणी आणले. रांगेतल्या एका गृहस्थांना वाटले की माझे काम झाले, त्यांनी अभिनंदन केले. बाई म्हणाल्या, “राहू दे ताई, सावकाश या,” आणि त्यांनी तेच बटण दाबले.

६. २८ तारखेस मी आत्याला सोबत आणले. आत्या बाबांची थोरली बहीण. ती शाळेत मुख्याध्यापिका होती आणि तिला कोणीही उलट प्रश्न विचारलेला चालत नाही. तिने पडदा मोठ्याने वाचला. ‘नक्की ना?’ वर थांबली आणि पडद्याला म्हणाली, “म्हणजे काय? मी स्वतः तिथे होते.” पडदा अर्थातच हलला नाही. मी तिला सांगितले की हे बाबांचेच वाक्य आहे. ती म्हणाली, “तरीच. लहानपणापासून एकदा सांगून याला कधी पटलंय?” आणि तिने हिशेबच काढला : पतंग तिने काटला नाही याची खात्री, रेडिओ तिने फोडला नाही याची खात्री, लग्नाला मुलीकडचा होकार आहे याची तर सहा वेळा खात्री. तोवर बाईंनी काम थांबवले होते आणि मागची रांग पुढे सरकून ऐकायला आली होती. आत्याने शेवटी पडद्याकडे बोट करून, “याला आधी गप्प करा, मग मी सही करते,” असे सांगितले. सही करण्याची सोय नाही, हे तिला मान्य झाले नाही. मला पुन्हा हसू आले, या वेळी बाईंनाही. ‘राहू दे’ कोणी दाबले ते खरोखर सांगता येत नाही.

७. २ तारखेस आपली यंत्रणा मंद होती. पडद्यावर चाळीस मिनिटे ‘थांबा, बघतो’ असे होते. या वाक्यावर विसंबून आमच्या घरात एक नळ अकरा वर्षे गळतो आहे. मी अनुभवाने समजून घरी गेले.

८. ५ तारखेस मी एकटी आले. बाईंनी खुर्ची पुढे केली, पंखा माझ्याकडे फिरवला. प्रश्न आला. मी वाचला. मला मुळीच हसू आले नाही. म्हणून ‘राहू दे’ मी स्वतःच दाबले.

९. आपले तांत्रिक कक्षातील साहेब सज्जन आहेत. त्यांनी मला बाजूला घेऊन सुचवले की १६ तारखेनंतर यावे. तेव्हा पडद्यावर ‘पुष्टी करा / रद्द करा’ असे येईल आणि मला त्रास होणार नाही. त्यांचे आभार मानून कळवते की मला तसे नको. ‘पुष्टी करा’ला मी सहज ‘हो’ म्हणेन, एखाद्या पार्सलला म्हणावे तसे. आणि मुख्य अडचण वेगळीच आहे. संच सांभाळणाऱ्या परदेशी मंडळींना मी पत्र लिहिले. त्यांचे उत्तर त्याच दिवशी आले. त्यांच्याकडे रीत अशी की भाषेच्या यादीला एक जबाबदार माणूस लागतो. तो १६ तारखेपर्यंत बोलला नाही, तर यादी मागणाऱ्याच्या, म्हणजे आपल्या कार्यालयाच्या हाती जाईल. तो वारला असेल, तर त्याच्या माणसाने पुढे यावे आणि मृत्यूचा दाखला जोडावा. आपल्या कार्यालयाने बाबा हयात असल्याचे कळवल्यामुळे ते थोडे बुचकळ्यात पडले आहेत.

१०. म्हणजे बाबांचे शब्द राहायचे असतील तर त्यांच्या प्रश्नाला मी ‘हो’ म्हणायला हवे. न म्हटल्यास ते आपल्या दप्तरी हयात राहतील आणि त्यांचे सगळे बोलणे पुसले जाईल. मी चार दिवस यावर विचार केला. मी उलटसुलट वाचून चुका काढणारी बाई आहे. या वाक्यात मला चूक सापडली नाही.

तरी नम्र विनंती की,

(अ) माझी दोन वर्षांपूर्वीची तक्रार मागे घेतली असे समजावे. तीत ‘पुनर्विचार’ हा शब्द बरोबर लिहिला आहे, तो या अर्जासाठी वापरावा.

(आ) यादीची जबाबदारी माझ्याकडे येईपर्यंत, निदान १६ तारखेपर्यंत, खिडकी क्रमांक चारवरील एकही बटण बदलू नये. यादीत बाबांनी रिकामे सोडलेले अकरा शब्द आहेत. ते मी भरीन. मी त्यात ‘करा’ घालणार नाही, असे लेखी देते.

(इ) नोंदणीची मुदत परवा, बुधवारी ११ तारखेस संपते. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी येत आहे. आत्या येणार म्हणते. तिला बाकावर बसवण्याची व्यवस्था व्हावी. बाईंनी पडदा माझ्याकडे फिरवावा आणि मग ‘राहू दे’जवळ कोणीही, दयेपोटीसुद्धा, हात नेऊ नये. प्रश्न मी पूर्ण वाचीन आणि बटण दाबीन. मध्ये मला हसू आले तर काम थांबवू नये. दुसरे काही आले तरीही.

आपली नम्र, आणि बुधवारपुरती ठाम,

(सही)
मयताची मुलगी

दिनांक : ९, सोमवार

सोबत :
१) तक्रार अर्जाची प्रत, समासातील शेऱ्यासह.
२) संच सांभाळणाऱ्यांचे पत्र व त्याचे मी केलेले मराठी.
३) डॉक्टरांचा दाखला.
४) बाबांचा एक फोटो. नियमात नाही, पण खिडकीवरील बाईंनी पाहायला मागितला आहे.