गुनिलाबाईंचा शब्द येईपर्यंत

इल्बिसिल,
१४ जुलै

चि. सिलान्तोईस, तुझ्या डोक्यावर माझा हात. वि. वि.

साखर पोचली. फोन करू नकोस. फोन यांच्या खिशात असतो आणि तुझा आवाज पलीकडच्या वस्तीलाही ऐकू जातो. दूध विकायला काजियाडोला येणाऱ्या नोलारीच्या हाती हे पत्र देते आहे.

आपण हसण्यावारी नेलं ते अंगाशी आलं. सेमेयान शाळेत गेली तेव्हापासून परदेशातल्या गुनिलाबाई तिची फी भरतात. तेवढंच असतं तर यांच्या डोक्यात काही आलं नसतं. पण त्यांची फी पोचवणाऱ्या संस्थेचे ऑफिसवाले त्यांच्या नावाने दर नाताळला घरी घोंगडी देत गेले, मध देत गेले, दुष्काळात एक कालवडही दिली. मुलगी मागणाऱ्या घरून आपल्याकडे हेच येतं. यांनी अर्थ लावला तो तोच, की पोरगी गुनिलाबाईंच्या मुलासाठी राखलेली आहे. ओले कुयोनी तिला मागायला दोनदा आला. दोन्ही वेळा हे म्हणाले, दुसऱ्याचा मध खाऊन बसलोय, तुला कशी देऊ. तेव्हा आपण दोघी गप्प राहिलो, कारण ते सोयीचं होतं.

आता म्हणतात, नोव्हेंबरात शाळा संपली की ती माणसं न्यायला येतील, पोरगी तशीच कशी पाठवायची. ऑगस्टच्या सुट्टीत ती घरी आली की सुरी फिरवून घ्यायची, लग्नाआधी मुलीची सुंता व्हायलाच हवी. सुरीवाल्या म्हातारीला निरोपही गेला. लोकांनी नावं ठेवू नयेत एवढंच त्यांच्या मनात आहे, त्यात वाईट काही नाही, म्हणून तर मला भांडताही येत नाही.

खरं सांगितलं तर ओले कुयोनी दारात उभा राहील. नाही सांगितलं तर सुरी. काय करू ते लवकर लिही.

आपल्यातला लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
रेसियातो


काजियाडो,
१९ जुलै

ती. ताईस, डोकं पुढे करून नमस्कार. वि. वि.

पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मनात आलं की सुट्टीत पोरीला इथेच ठेवून घ्यावं. तिच्या शाळेच्या वसतिगृहाच्या किल्ल्या माझ्याच कमरेला असतात, कोण विचारतंय. दुसरं मनात आलं ते ठाण्यावर जायचं.

सेमेयानला सगळं सांगितलं. ती चादरीची घडी घालत होती, ती पूर्ण केली. मग म्हणाली, गुनिलाबाईंना मुलगाच नाही, फोटोत त्यांच्या मांडीवर एक लठ्ठ मांजर असतं, बाबांनी मला त्याला दिलंय का. हसलो दोघी. हसून झाल्यावर तिने विचारलं, की मी घरी गेले नाही तर ती म्हातारी रिकाम्या हाताने परत जाईल, की नाशिलोला हाक मारतील? धाकटी नऊ वर्षांची आहे, ताई.

पोलिसांचं तिला पटत नाही. बाबांना नेलं तर मग मी घर कशाला म्हणू, असं म्हणते. ती घरी येणार आहे. पण त्याआधी बाबांना कोणीतरी खरं सांगा म्हणाली. ते तूच सांग. मी बोलले तर भावोजी म्हणतील, शहरात राहून हिची जीभ सुटली.

काळजीत आहे. कळव. लोभ आहे, त्यावर माझाही हक्क आहे.
तुझी,
सिलान्तोई


इल्बिसिल,
११ ऑगस्ट

चि. सिलान्तोईस आशीर्वाद. वि. वि.

सांगितलं. सकाळी काटेरी कुंपणातून गुरं बाहेर काढत होते, तेव्हा सांगितलं. म्हटलं, तिकडे मुलगा नाही, कोणी न्यायला येणार नाही, त्या बाईला पोरगी शिकायला हवी आहे आणि दुसरं काही नको. हे चिडले नाहीत. गुरं जाईपर्यंत काठीला टेकून उभे राहिले. मग एवढंच विचारलं, मग आपण खाल्लं ते कशाचं?

तोच प्रश्न घेऊन बाभळीखाली म्हाताऱ्यांकडे गेले. दोन दिवस बैठक चालली. ओले कुयोनीही जाऊन बसला आणि म्हणाला, म्हणजे पोरगी मोकळी झाली. त्यावर म्हाताऱ्यांतल्या ओले सेम्पुईंनी त्याला विचारलं, तू आजवर एक तरी घोंगडं पाठवलंस का, आणि सगळे हसले. शेवटी ठरलं ते असं. परतीची अपेक्षा न ठेवता जो मुलीला वाढवतो तो तिचा आईबापच. म्हणजे गुनिलाबाई सेमेयानच्या वडीलधाऱ्या. त्यांचा शब्द आल्याशिवाय सुरी नाही आणि लग्नही नाही. म्हातारी परत गेली. आता बैल कापला की गुनिलाबाईंचा वाटा बाजूला काढायचा, आणि तो आम्ही खायचा, अशी थट्टा चालली आहे.

पण यांनी पोरीलाच समोर बसवून बाईंना पत्र लिहायला लावलं. ओले कुयोनी मागतो आहे, सुरीचंही राहिलं आहे, तुमचं म्हणणं काय? हे सांगत गेले आणि ती इंग्रजीत लिहीत गेली. तिने काय लिहिलं ते मला कळलं नाही. पाकीट सोबत आहे, चिकटवलेलं नाही. हे दिवसभर रस्त्याकडे बघत असतात.

लोभ राहू दे, आणि धीर असला तर थोडा पाठव.
तुझी,
रेसियातो


काजियाडो,
१६ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार. वि. वि.

पाकीट पोचलं. फी देणाऱ्यांनी घरच्या गोष्टींत बोलायचं नसतं, असं ऑफिसवाले त्यांना बजावून ठेवतात. अशा पत्रांना येणारी उत्तरं मी पाहिली आहेत. चालीरीती तुमच्या, तुम्हीच ठरवा, असं गोड शब्दांत लिहिलेलं असतं. तसं आलं तर भावोजी ते शब्दाला शब्द धरून मानतील आणि ओले कुयोनी त्याच संध्याकाळी येईल. हे मी सेमेयानला कधी सांगितलेलं नव्हतं.

पत्र फाडावं असं वाटलं. बाईंच्या नावाने उत्तर मीच लिहावं असंही वाटलं. मग वाचलं. पोरीने बापाचा एक शब्द गाळलेला नाही, एक बदललेला नाही. तिकडे पाऊस झाला का, गुरं बरी आहेत ना, हेसुद्धा आहे. त्याखाली रेघ ओढून तिने लिहिलं आहे ते तुला सांगते:

वरचं बोलणं माझ्या बाबांचं आहे. खालचं माझं. मला दोन्ही नको. तुम्ही माझ्या आईच्या जागी आहात असं इथे ठरलं आहे. ‘नाही’ लिहायचं असेल तर आजच लिहा. ‘तुमचं तुम्ही ठरवा’ असं लिहायचं असेल, तर माझी परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी संपते, तोपर्यंत लिहू नका.

पाकीट चिकटवलं आणि पोस्टात टाकून आले. भावोजी रस्त्याकडे बघत असतील तर बघू दे. बघतात तोवर बरं आहे.

लोभ जसा आहे तसाच राहू दे.
तुझी,
सिलान्तोई