शुक्रवारी मेंढरं बसवण्याबाबत

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
सोमवार

तीर्थरूप सोनाजीमामांना, तुमचा भाचा आणि (सत्यशीलेच्या नशिबानं) जावई बिभीषण याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मेंढरं कशी आहेत? मामींची तब्येत कशी आहे? (हा क्रम तुमचाच आहे. मागच्या वेळी मी मामींना आधी विचारलं तर तुम्ही दोन महिने माझ्याशी बोलला नाहीत.) आम्ही इकडं खुशाल आहोत. खुशाल म्हणजे आठ दिवस मला जेवण जात नाही, एक पापणी आपोआप उडते, पण काळजीचं कारण नाही. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. तुम्ही फोन स्पीकरवर लावून सगळ्या वस्तीला ऐकवता, आणि ही गोष्ट वस्तीत गेली तर मला गंगापूरला जीपमधून उतरायची सोय राहणार नाही. म्हणून जीपवाल्या सांडूच्या हाती पत्र देतोय. चष्मा लावून एकट्यानं वाचा.

तर आमच्या शेंद्र्याच्या कंपनीला यंदा पर्यावरणाचं प्रेम आलं आहे. गाड्यांची रबरी नळकांडी करणारी कंपनी, पण एप्रिलपासून जिकडंतिकडं हिरवे फलक. प्रत्येकानं सहभाग घ्यायचा. सक्ती अजिबात नाही, फक्त सहभागाला शंभरातले वीस गुण आहेत आणि त्या गुणांवर कायम होणाऱ्यांची यादी लागणार आहे. मी सहा वर्षं कंत्राटी आहे, आणि कायम कधी होणार हे तुम्ही दर दिवाळीला चारचौघांत विचारता, त्यामुळे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या विशाखा मॅडमनी (या माणसांचं खातं बघतात, बाई मनानं फार चांगल्या) एक फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता : आपल्या घराण्यातलं निसर्गाविषयीचं पारंपरिक ज्ञान. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढंच सरकेना. बाकीच्यांनी तुळस लिहिली. मी घाईत तुमचं लिहिलं. पीक निघालं की शेतकरी आमच्या मामांना बोलावतात, मेंढरं रात्रभर रानात बसवतात, लेंड्या आणि मुतानं जमीन सुधारते, कंपनीमागच्या मोकळ्या माळावर हे करता येईल. एवढंच. त्या वेळी माळ मोकळा होता, मामा. एक काडी नव्हती तिथं.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. सहा वर्षांत पहिल्यांदा केबिनमधला चहा! मीही फुगलो, कशाला खोटं बोलू. मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या कशी माती जिवंत ठेवतात यावर मी पंधरा मिनिटं बोललो (मला स्वतःला लहानपणी मेंढरांच्या वासानं मळमळायचं, ते सांगितलं नाही). मग ती सूचना पुण्याच्या कमिटीकडं गेली, आणि कमिटीकडं गेलेली गोष्ट परत येत नाही म्हणून मी विसरून गेलो. जुलैत त्याच माळावर आम्ही सगळ्यांनी चारशे बारा झाडं लावली. प्रत्येक झाडाला ज्याच्या त्याच्या नावाची पाटी. माझी करंज आहे, गुडघ्याएवढी झाली आहे. आमचे मोठे साहेब राजेंद्र साहेब यांचा वड आहे, आणि साहेब रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशी बोलायला जातात. वडाचा कोवळा पाला मेंढरांना किती आवडतो, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा होईल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मेल आला. सूचना मंजूर! येत्या शुक्रवारी सकाळी अकरा ते एक, मोठ्या पाहुण्यांसमोर, त्याच माळावर, दीडशे मेंढरं बसवण्याचा कार्यक्रम. सूत्रसंचालन, विशाखा मॅडम. मार्गदर्शन, श्री. सोनाजी. त्याच कार्यक्रमात कायमची यादी वाचणार.

मामा, मेंढरं दिवसा बसतात का हो? अकरा वाजता ती काय करतात? मला हे बोलायचं होतं. मी गेलोसुद्धा. म्हटलं, मॅडम, पाहुणे रात्री थांबतील का? त्या म्हणाल्या, पाहुण्यांचं विमान चारचं आहे. म्हटलं, मॅडम, आता तिथं झाडं आहेत. त्या म्हणाल्या, म्हणून तर फोटो छान येतील. म्हटलं, मेंढरं पाला खातात. त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, बिभीषण, निगेटिव्ह होऊ नका, त्यांना घरून खाऊन यायला सांगा. मी 'हो मॅडम' म्हणालो. माझ्या तोंडाला दुसरं काही बोलायची सवयच राहिलेली नाही.

तेव्हापासून तयारी जोरात आहे. सेफ्टीवाल्यांनी विचारलंय की मेंढपाळाला हेल्मेट आणि बूट देऊ, पण पागोट्यावर हेल्मेट बसेल का. गेटवाल्यांना प्रत्येक मेंढराची आत जाताना आणि बाहेर येताना नोंद हवी आहे. एका इंजिनिअर पोरानं दर मेंढरामागं तासाला किती लेंड्या याचा तक्ता केला असून त्यात उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष असे दोन रकाने आहेत. झाडांमध्ये फलक लागले आहेत, 'कृपया रोपांना इजा करू नये'. मेंढरांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेत, हे मात्र मानलं पाहिजे.

सत्यशीला म्हणते, "खरं सांगायला तोंड नाय का तुम्हाला? लई शिकले म्हणं." तिला काय जातंय. शुक्रवारी साहेबांच्या डोळ्यांदेखत त्यांचा वड एखाद्या मेंढीनं मुळापासून ओढला की यादीतून माझं नाव जाणार, आणि मेंढरं आलीच नाहीत तरी जाणार. मला जाग आल्यापासून झोपेपर्यंत तीच मेंढी दिसते. पण तुम्ही मनावर घेऊ नका. कंपनीचे टेम्पो शुक्रवारी सकाळी सहाला वस्तीवर येतील. मेंढरं चढवून या, मान मोठा आहे. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
बिभीषण

ता.क. येऊ नका.

ता.क. मेंढरं आजारी आहेत असं कळवा, असं मी तुम्हाला कधीच म्हणणार नाही. मेंढरांबद्दल असलं अभद्र तुम्ही तोंडातून काढत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी तुम्हाला न विचारता शनिवारीच मॅडमना सांगून टाकलं की तुम्ही बांधावरून पडलात, पाय मोडला आणि तुमच्याशिवाय कळप जागचा हलत नाही. क्षमा असावी.

ता.क. मॅडम मनानं फार चांगल्या, हे वर लिहिलंच आहे. त्या आणि राजेंद्र साहेब गुरुवारी दुपारी सफरचंदं घेऊन तुम्हाला बघायला वस्तीवर येत आहेत, शुक्रवारचं त्यानंतरच ठरवणार आहेत. तरी गुरुवारी सकाळपासून खाटेवर पडून राहावं. मी डावा पाय सांगितला आहे. मामींना दोन फाटकी धोतरं काढून ठेवायला सांगा आणि गुडघ्याच्या खालपासून गुंडाळा.

ता.क. पत्र बंद करताना सत्यशीलेनं वाचलं. ती म्हणते, "माझा बाप पट्टी बांधून पडणार नाय. तो सायबाला हाताला धरून रानात नेईल, मेंढरं कशी बसत्यात ते दाखवंल, आणि तुमचं सगळं सांगंल." मामा, ती तुमची लेक आहे, तिला जास्त कळतं. तसं झालं तर होऊ द्या. खरं काय ते सांगून टाका. माझ्या तोंडून सहा वर्षांत एकदाही 'नाही' निघालेलं नाही, ते तुमच्या तोंडून तरी निघेल. यादीत नाव नसलं तरी माझी हरकत नाही.

ता.क. वरचं तिनं शेजारी उभं राहून लिहायला लावलं. पाय डावाच.