तू आहेस तोवर

दि. ४ फेब्रुवारी

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. चार ओळींत खुशाली कळवून पाचव्या ओळीत सही ठोकायची तुझी कला अजून शाबूत आहे. मी मात्र सविस्तर लिहिते आहे. बसून वाच.

आईचे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की पोटातली गाठ पसरली आहे, आता कापून उपयोग नाही. उन्हाळा बघतील असं वाटत नाही, म्हणाले. मी तिथल्या बाकावर जरा वेळ बसले, तोंड धुतलं आणि आत जाऊन आईला अल्सर आहे म्हणून सांगितलं. मी औषधाच्या दुकानात कामाला, त्यामुळे तिचा डॉक्टरांपेक्षा माझ्यावर विश्वास जास्त. दुखणं थांबवायच्या गोळीबरोबर मी तिला एक साधी ताकदीची गोळी देते आणि हीच अल्सरची, असं सांगते. ती आठवणीने मागून घेते.

स्वभाव तोच आहे. जन्मभर लाँड्रीत इस्त्री केली, आता पलंगावरून माझ्या घड्यांना नावं ठेवते. बरी झाले की कामावर जाणार म्हणते. तिच्या इस्त्रीच्या टेबलाशी दुसरी कोणी उभी केली असेल तर त्या बाईची धडगत नाही. या आशेवरच तिच्या पोटात दोन घास जातात. म्हणून तुला बजावते, पत्रात आजाराबद्दल चकार शब्द काढू नकोस. आणि जमेल तितक्या लवकर ये.

माझी काळजी करू नकोस. लोभ आहेच, तो पुढच्या पत्राच्या लांबीत दिसू दे.

तुझी
ताई

दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं पत्र बसून वाचलं. आजच निघालो असतो, पण गिरणीचा बॉयलर उघडून ठेवला आहे. तपासणीचे साहेब येऊन सही करेपर्यंत फिटरला हलता येत नाही. मी रजेचा अर्ज दिला तर मॅनेजरने मान हलवली, पण हो की नाही ते काही कळलं नाही.

आमच्या इथल्या वेल्डरची आई मागच्या महिन्यात गेली. जेवणाच्या सुट्टीत तो भिंतीला टेकून बसतो आणि आईला काय काय सांगायचं राहून गेलं ते आम्हाला सांगत राहतो. कालपर्यंत ऐकून घेत होतो. आज उठून दूर जाऊन बसलो. ताई, मला तसं बसायचं नाही. म्हणून आईला वेगळं पत्र लिहिलं आहे. घाबरू नकोस, आजाराचं काहीही लिहिलेलं नाही.

या धाकट्यावर माया आहे तशीच ठेव.

तुझा
बोक्या

दि. १३ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला अल्सर झाल्याचं ताईने कळवलं. त्यात काही विशेष नाही. आमच्या मुकादमालाही झाला होता, आता तो पुन्हा पहिल्यासारखा ओरडतो.

आज एक वेगळंच लिहायचं आहे. शाळेत असताना मला एकच शर्ट होता. रात्री धुतलेला तो सकाळी ओला असायचा आणि मी उठेपर्यंत तू तो इस्त्रीने वाळवून ठेवायचीस. थंडीत रांगेत बाकीची पोरं कुडकुडायची आणि माझी पाठ गरम असायची. बाबा गेल्यावर तू कशी उभी राहिलीस, परक्यांचे कपडे दाबून आम्हाला कसं वाढवलंस, याचा विचार मी कधी केला नाही. आपल्या घरात असं कोणी बोलत नाही. पण तू आहेस तोवर हे सांगावंसं वाटलं. तू माझ्यासाठी फार केलंस, आई. मी तुझा फार ऋणी आहे.

बाकी ठीक. मी येईपर्यंत डोक्यावर तुझा हात दुरूनच असू दे.

तुझा
बोक्या

दि. २२ फेब्रुवारी

चि. बोक्यास,

आज आशीर्वाद लिहायला हात वळत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दुकानात होते. इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सबाईंना आईने ते वाचायला लावलं, मग पुन्हा वाचायला लावलं. त्यांना जाताना दार ओढून घ्या म्हणाली. मी आले तेव्हा ती गोळ्यांची डबी उघडून बसली होती. यातली नुसती दुखणं थांबवायची कुठली तेवढी सांग, बाकीच्या फेकून दे, म्हणाली. मी काहीबाही बोलत राहिले. ती म्हणाली, माझा मुलगा तसले शब्द उगीच लिहिणार नाही.

बाबा गेले तेव्हा तू लहान होतास, म्हणून तुला माहीत नाही. जन्मात त्यांनी आईला कधी बरं म्हटलं नाही. शेवटच्या आठवड्यात तिचा हात धरून म्हणाले, तू माझ्यासाठी फार केलंस. तिने तेव्हाच काय ते ओळखलं. आपल्या घरात आभार निघताना मानतात, बोक्या. आणि तू अगदी तेच शब्द लिहून पाठवलेस, वर तू आहेस तोवर हेही घातलंस.

त्या दिवसापासून तिने जेवण टाकलं आहे. माझ्याशी बोलत नाही. मी अंग पुसायला घेतलं की भिंतीकडे तोंड फिरवते. खोटं मी बोलले, तेव्हा राग माझ्यावरच. तुझं मन हलकं झालं आणि ते ओझं इथे माझ्या डोक्यावर आलं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

आणि त्या शर्टाचं. आई पहाटेच लाँड्रीत जायची. इस्त्री मी करत होते, स्टुलावर उभी राहून. जाऊ दे. मला तरी तिला चांगलं बोलायला कधी फावलं? माझे हात सदा तिचं अंग पुसायच्या पाण्याच्या घमेल्यात.

रागावले असले तरी मी तुझीच
ताई

दि. १ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊनच काम करतो आहे. सगळं चुकून लिहिलं असं आईला कळवू का? पण खोट्यावर आणखी खोटं घालून ती जेवेल का? मॅनेजरने बारा तारखेपासून रजा दिली आहे. तोवर तिला सांभाळ, असं लिहिणार होतो, पण ते तुला सांगणारा मी कोण? शर्टाचं मला खरंच माहीत नव्हतं.

रागावलीस तरी चालेल, पण तोडू नकोस.

तुझा
बोक्या

दि. ७ मार्च

चि. बोक्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर ताईचं आहे, बोलणं माझं. हात आता पेन धरत नाही.

तुझ्या पत्रामुळे मला माझं मरण कळलं हे खरं आहे. मला अल्सरच वाटत होता. फार वाईट वाटलं. मला अजून जगायचं होतं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? तुम्हा दोघांचा रागही आला. आता तो राग धरून ठेवायलाही ताकद लागते, म्हणून सोडला. कालपासून थोडं दूध घेते आहे.

आभार परक्यांचे मानायचे, हे मीच तुम्हाला शिकवलं. माझ्या सोयीचं होतं ते. तू निदान लांबून लिहिलंस. जवळच्या माणसाला तोंडावर सांगणं त्याहून अवघड आहे, मला अजून जमलेलं नाही. म्हणून ते तुझ्या पत्रात घालते. लिहिणं हिला भागच आहे.

ही माझं अंग पुसते तेव्हा मी भिंतीकडे तोंड करते. ते रागाने नाही. मला लाज वाटते. मी हिला न्हाऊ घातलं त्याचं हिने किती पटीने केलं, आणि मी हिच्या घड्यांना नावं ठेवत राहिले. हिच्या घड्या चांगल्या असतात. हिच्यासारखी मुलगी मला मिळाली, ते माझं नशीब. इथे हिने पेन खाली ठेवलं होतं. मी म्हटलं, माझ्याकडे वेळ थोडा आहे, उचल.

तू ये. मी असेन की नाही सांगता येत नाही. नसले तरी ये, घरात ही आहे.

तुझी
आई

ता. क. आईने सांगितलं तसंच लिहिलं आहे. पाकीट बंद करायच्या आधी मला तिला जे सांगायचं होतं ते सांगून टाकलं. ती जागी होती. मी नीट बघून घेतलं.

ताई