दुखणे थांबल्याचा शिरा

अकोला, दवाखान्यातून

तीर्थरूप महादेवराव काकांस सहदेवचा साष्टांग नमस्कार. (पोटाला टाके आहेत, तेव्हा तो उताणा पडूनच केला आहे, गोड मानून घ्यावा.)

तुमच्या पोटाचे दुखणे आज सकाळी एकाएकी थांबले, असे आशाकाकूंनी फोनवर आनंदाने सांगितले. मागे कढईत काहीतरी परतल्याचा आवाज येत होता. फोन ठेवताच मी ही माझीच हकीकत लिहायला घेतली.

माझ्या पोटात उजवीकडे दुखू लागले तेव्हा आम्ही दोष काढ्याला दिला. (कोरोनाच्या धास्तीने घरात चहापेक्षा काढाच जास्त उकळत होता.) दवाखान्यात गेले की आधी नाकात काडी आणि मग घराच्या दाराला बांबू, हे आम्ही गल्लीत पाहिले होते. सौ. शकुन म्हणाली, "पोट दुखते तं दुखू द्या, पन खोकू नका!" घरात कोणी आजारी नाही हे लोकांना दिसावे म्हणून ती मला भाजीच्या गाडीवर पाठवी. मी कमरेत वाकून चाले. शेजारच्या चंद्रभानने भिंतीवरून विचारले, "काहून सर, काय हुडकून राहिले?" मी म्हणालो, किल्ली. तोही बिचारा मास्क लावून माझ्यामागे वाकून किल्ली शोधू लागला.

मग दुखणे एकाएकी थांबले. शकुनने शिरा केला, मी पोटभर खाल्ला. संध्याकाळी अंग तापले, पोट फुगून कडक झाले. डॉक्टर म्हणाले, दुखणे थांबले तेव्हाच अपेंडिक्स फुटले होते, इतके दिवस कुठे होता? मी म्हणालो, कोरोनाला भ्यालो. पण ते खरे का? जीवशास्त्र शिकलेला मी विषाणूला भ्यालो की चंद्रभानला, हे अजून ठरत नाही. (कोरोनाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला.) शेजारच्या खाटेवर रामराव होते, संत्र्याचे व्यापारी. तेही असेच घरी दुखणे लपवून उशिरा आले. काल ती खाट धुतली.

तुमचा,
सहदेव

ता. क. फोनवर दवाखान्याचे नाव काढताच तुम्ही फोन ठेवता, पण पत्र पुरते ऐकल्याशिवाय जागचे हलत नाही. म्हणून याचा फोटो तुमच्या लेकीच्या, प्रणालीच्या, मोबाईलवर पाठवला आहे, तीच वाचून दाखवते आहे. तिने गाडी दारात आणली आहे. तुमच्या राजापेठेतले सगळे शेजारी पाहतील, पाहू द्या. पत्र संपले. उठा.

पुन्हा ता. क. काकू, गॅस बंद करा. तो शिरा त्यांना देऊ नका.