दाढीचा बिनवासाचा साबण

२ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. पुढेमागे एवढं सगळं कसं जमवलं ते माझं मलाच आठवायला हवं.

रंगाच्या कारखान्यात स्प्रे सेक्शनला अठरा वर्षं काढली. आमचे सुपरवायझर महिनाअखेर रिटायर होताहेत. त्या खुर्चीला माझ्याइतका लायक माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

काल नोटीस लागली. यंदापासून सुपरवायझर व्हायचं तर मास्कची टेस्ट पास व्हावी लागेल. तारीख २३. तोंडाला मास्क, डोक्यावरून प्लास्टिकचं पारदर्शक टोपडं, आणि आत केळ्याच्या वासाचा फवारा. वास आला की मास्क गळतोय, म्हणजे नापास. अटी तीन. दाढी नको, कारण केस मध्ये आले की मास्क नीट बसत नाही. चेहऱ्यावर पुरळ नको. सुवासिक काही फासलेलं नको.

माझी बारा वर्षांची दाढी आहे. त्वचा सेन्सिटिव्ह असल्यामुळे ठेवली. ही म्हणते आळस सेन्सिटिव्ह आहे. संसारात असं ऐकून घ्यावं लागतं.

प्लॅन: दाढीचा साबण शोधणे. बिनवासाचा, नाजूक त्वचेला सोसणारा आणि खिशाला परवडणारा. सोपं आहे. वासाच्या बाबतीत माझा हात कोण धरणार? एके काळी थिनरचा डबा उघडला की मास्क खाली करून नुसत्या वासावर माल सांगायचो. लोक बघत राहायचे.

३ मार्च, संध्याकाळ
केमिस्टकडे गेलो. त्याने पाच साबण मांडले. पाचही हुंगले. एकालाही वास नाही. हल्ली बरेच साबण बिनवासाचेच निघत असावेत. त्यातला सगळ्यात स्वस्त उचलला.

केमिस्ट म्हणाला, काका, यात गुलाब आहे, तुम्ही तो पांढरा घ्या, त्यात काहीच घातलेलं नाही. पांढरा दुप्पट महाग. म्हणजे वास घालायचा नाही तो नाहीच, वर न घातल्याचे पैसे घ्यायचे. मी काय काल जन्मलो?

४ मार्च, सकाळी ६.३०
दाढी उतरवली. खाली हनुवटी आहे. लहान आहे, पण आहे.

लेकीने बाथरूमच्या दारातून पाहिलं आणि आईला विचारलं की मामा कधी आला.

रात्री ९
गाल पेटलेत. मानेवर लाल ठिपके. ही म्हणाली, न्हाणीघरात फुलांचं दुकान उघडलंयस का? मी शांतपणे सांगितलं की साबणाला वास नाही, शेजाऱ्यांकडून येत असेल. ती उठून खिडकी उघडायला गेली. माझा मुद्दा पटलेला दिसतो.

७ मार्च
साबण नंबर दोन, हिरवा. हुंगून पाहिला. पाण्यासारखा निर्मळ. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेला माणूस दोन मिनिटांत उठला आणि पुढे जाऊन उभा राहिला. गुळगुळीत चेहऱ्याला लोक मान देतात हे बारा वर्षं विसरलोच होतो.

पुरळ वाढली. चूक ब्लेडची. नवीन ब्लेड आणणे.

१० मार्च, जेवणाची सुट्टी
चूक ब्लेडची नाही, पाण्याची. उद्यापासून गार पाणी.

माझ्याशिवाय त्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेला एकच. त्याला सगळे बाळ्या म्हणतात, कारण चाळिशी आली तरी त्याला दाढीच फुटलेली नाही. आज जवळ येऊन म्हणाला, काय साहेब, आज चंदन का? मी हसून सोडून दिलं. माणूस घाबरला की असंच काहीतरी बोलतो.

१४ मार्च
साबण नंबर पाच. बेसिनखालच्या कपाटाचं दार आता लागत नाही. ही विचारते, परवडणारे साबण अजून किती परवडणार आहेत? म्हटलं, संशोधनाला खर्च येतोच.

लेकीने पाकिटं उलटी करून वाचली. पाचही साबणांच्या मागे ‘सुगंध’ छापलंय म्हणे. मी तिला समजावलं की कंपन्यांना असं काही ना काही छापावंच लागतं, खरं-खोटं नाकाने ठरवायचं असतं. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. तरुण पिढीला अनुभवाचं अप्रूप असतं.

१६ मार्च
गाल टोमॅटो. टेस्टला सात दिवस. तीन दिवस ब्लेडला हात लावायचा नाही. याला माघार म्हणत नाहीत.

१९ मार्च
लेकीने स्वतःच्या पैशांनी केमिस्टकडचा तो महाग पांढरा साबण आणलाय. हुंगला. बाकीच्या पाचांत आणि यात काडीचा फरक नाही. पोरगी पुरती फसली. मन मोडायला नको म्हणून वापरायचं कबूल केलं.

२१ मार्च
पुरळ गेली. गार पाण्याचा गुण.

२२ मार्च, सकाळ
सुपरवायझरची सही ठरवली. शेवटी लहानसा फलकारा.

दुपार
एक मामुली प्रकार. चहा ठेवायला गेलो, गॅसचं बटण फिरवलं आणि लायटर शोधत बसलो. ही आतल्या खोलीतून धावत आली, बटण बंद केलं, दारं-खिडक्या उघडल्या. मला दोन्ही दंडांना धरून विचारलं की तुला वास आला नाही? म्हटलं, टेस्टच्या विचारात होतो. ती म्हणाली उद्याच्या उद्या डॉक्टरला नाक दाखव. म्हटलं उद्या टेस्ट आहे, परवा बघू. मग दिवसभर तिने मला गॅसजवळ फिरकू दिलं नाही. बढतीचं टेन्शन घरच्यांनाच जास्त येतं.

२३ मार्च, दुपारी १
जिंकलो.

सविस्तर: सकाळी पांढऱ्या साबणाने दाढी केली. एक ठिपका नाही. टेस्ट घ्यायला बाहेरून एक बाई आल्या होत्या. मास्क लावायच्या आधीच त्यांनी माझ्या डोक्यावर टोपडं घातलं आणि म्हणाल्या, वास आला की हात वर करा. मास्क नंतर. नोटिशीत हे नव्हतं, पण मी काय ते ओळखलं. बिनमास्कची कडक परीक्षा. हात वर केला की गेलो.

एक फवारा. मी ढिम्म. दुसरा, तिसरा. चष्म्यावरून पाणी ओघळायला लागलं. मागच्या रांगेतले लोक म्हणत होते की अरे, काय केळ्याचा वास सुटलाय. त्यांचं सगळ्यांचं कठीण आहे. मी शेवटपर्यंत हात गुडघ्यावरून उचलला नाही.

बाईंनी टोपडं काढून विचारलं की खरंच काही आलं नाही? मी छाती काढून सांगितलं, एक थेंबही नाही. मग विचारलं, स्प्रे सेक्शनला किती वर्षं? मास्क कायम लावता का? म्हटलं, अठरा, आणि गरजेपुरता. त्यांनी बराच वेळ लिहिलं. एवढं सविस्तर कौतुक दुसऱ्या कुणाचं लिहिलेलं मी पाहिलं नाही.

माझ्यानंतर बाळ्या. पहिल्याच फवाऱ्याला हात वर. मला वाईट वाटलं बिचाऱ्याचं. त्याला आपल्या हाताखाली नीट सांभाळून घ्यायचं.

२४ मार्च, संध्याकाळ
सुपरवायझर बाळ्या.

मी मास्कपर्यंत पोचलोच नव्हतो. बाईंनी समजावून सांगितलं. आधी बिनमास्कचा फवारा मारतात तो नाक चालतं का हे बघायला. ज्याला वासच येत नाही त्याचा मास्क गळतोय की नाही ते कसं कळणार? आणि सेक्शनमध्ये काही गळलं तर तीस माणसांना बाहेर काढणार कोण? मी म्हटलं सर्दी आहे. त्या म्हणाल्या, कधीपासून? मी म्हटलं कालपासून. त्यांनी तेही लिहून घेतलं.

कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासलं. थिनरने नाक गेलं म्हणाले. एका दिवसात नाही, हळूहळू. परत येण्याची फारशी आशा धरू नका म्हणाले. सोमवारपासून मी पॅकिंगला. तिथे खोकी असतात.

२५ मार्च, दुपार
सुट्टी घेतली. हिने मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि नाकाशी एकेक वस्तू धरली. पहिल्याला मी साबण म्हणालो. ते फिनेल होतं. दुसऱ्याला फिनेल म्हणालो. तो तिचा नुसता तळहात होता. मला वाटलं आता ती हसेल. ती हसली नाही. त्याचीच भीती वाटली.

मग म्हणाली, शेवटचा वास कधी आला होता ते नीट आठव. मी एरवी लगेच काहीतरी ठोकून दिलं असतं. आज बसून खरोखर आठवलं. थिनर नाही आठवला, रंग नाही, हिच्या केसांना लावायच्या तेलाचाही नाही. आठवला तो नव्या दप्तराचा. दुकानातून आणलं होतं, लेक घालून घरभर फिरत होती, आणि मी त्यात डोकं घालून तिला हसवत होतो. पहिलीत जायची होती.

लेक दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे.