बाईसाहेबांची लेक

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार. मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. काळजी करू नका.

काल बाईसाहेबांची साठी पार पडली. गौरवपत्र मीच लिहिलं होतं. तुम्ही शिकवलंत तसं, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिलं. साहेबांकडे कुणी म्हातारं माणूस आलं की बाईसाहेब आधी खुर्ची देतात, मग काम विचारतात. एकदा तर भर बैठकीत साहेबांना म्हणाल्या, "तुमचं भाषण पुरे, आधी या आजींचं ऐका." साहेबांनी मुकाट्याने ऐकलं! अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी मला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही आता माझी लेक. हिला मी कुठेही जाऊ देणार नाही." टाळ्या पडल्या. मीही हसले. माझं इथलं काम साठीपर्यंतच ठरलं होतं, घरी यायचं उद्याचं तिकीटही काढलं होतं.

ड्रायव्हरकाका म्हणाले, "नशीब काढलंस, पोरी!" संध्याकाळी माझी ट्रंक बाईसाहेबांच्या शेजारच्या खोलीत गेली. खोली छान आहे. तिला एकच दार आहे, ते त्यांच्या खोलीत उघडतं.

एवढ्या मायेला नाही कसं म्हणायचं? दोनदा सांगायला गेले आणि त्यांना औषध देऊन परत आले.

आईचा गुडघा कसा आहे? बाबा, "मुलीला पाठवून द्या," असं तुम्ही बाईसाहेबांना लिहाल का? खोटं कारण नको. घरी तिची आठवण येते, एवढंच लिहा.

येते ना?

तुमची,
धाकटी